आधी फरा, मग डेल्टॉइड

प्रश्न : लिओनार्दोची खांद्याची अभ्यासचित्रं आणि शरीररचनातज्ज्ञ वेसालियसच्या स्नायूंच्या आकृत्या गेले दोन महिने उतरवतोय. नक्कल जमते, पण समोर मॉडेल बसलं की माझी आकृती गाठाळ होते. काय चुकतंय?

उत्तर : तुम्ही प्रत्येक स्नायू सारख्याच जोराने काढताय. वेसालियसच्या १५४३ च्या ग्रंथातली माणसं कातडी सोललेली आहेत, तिथे सगळं उघडंच असणार. मॉडेलच्या अंगावर त्वचा आणि चरबी असते. लिओनार्दोने तर बजावूनच ठेवलंय, की सगळेच स्नायू उठवले तर अंग अक्रोडांच्या पोत्यासारखं दिसतं. कामाला लागलेला स्नायू ठळक, बाकीचे मऊ.

सुरुवात हाडांपासून करा. गळ्याजवळच्या आडव्या हाडाची, म्हणजे क्लॅव्हिकलची, दोन्ही टोकं, खांद्याचं हाडाळ टोक, फऱ्याची (खांद्यामागच्या चपट्या हाडाची) आडवी धार आणि फऱ्याचं खालचं टोक, एवढ्या खुणा आधी मांडा. हात बाजूने पूर्ण वर गेला, की १८० अंशांतले साधारण १२० खांद्याच्या सांध्यात होतात आणि ६० फरा फिरल्यामुळे. त्याचं खालचं टोक काखेकडे सरकतं. बहुतेकजण फरा जागच्या जागी ठेवून नुसता हात उचलतात, आणि मग डेल्टॉइडचा, म्हणजे खांद्यावरच्या जाड स्नायूचा, गोळा होतो. गाठाळपणाचं हे दुसरं कारण, आणि आमच्या मते मोठं.

लिओनार्दोने १५१०-११ च्या सुमारास एकच खांदा फिरवत फिरवत अनेक बाजूंनी काढला. काही ठिकाणी स्नायूंऐवजी नुसते दोरे दाखवले. ते दोरेच आधी उतरवा. डेल्टॉइडला तीन पुरतात: क्लॅव्हिकलच्या बाहेरच्या भागातून एक, खांद्याच्या टोकावरून दुसरा, फऱ्याच्या धारेवरून तिसरा. तिन्ही दंडाच्या हाडावर, बाहेरच्या अंगाला, जवळपास मध्यावर एकत्र येतात. आपल्या चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून ते ओढा आणि ताणलेला तेवढाच जाड करा.

वेसालियसची पाचवी स्नायू-आकृती मात्र पोटासाठी वापरू नका. त्यातला पोटाचा उभा स्नायू त्याने मुद्दाम प्राण्यातला घेतलाय, तो छातीवर फार वर चढतो. माणसात तो पाचव्या ते सातव्या बरगडीच्या कूर्चेपर्यंतच जातो.

प्रश्न : प्लास्टरचा सोललेला पुतळा घ्यावा का?

उत्तर : जरूर. चिगोली या इटालियन चित्रकाराने १६०० च्या सुमारास मेणात असा पुतळा घडवला, तो पुढे ब्राँझमध्येही ओतला गेला. एका बाजूने दिवा लावा, पुतळा ३० अंशांनी फिरवत बारा चित्रं काढा. फक्त त्याची पोझ बदलत नाही, म्हणून प्रत्येक चित्रानंतर तोच खांदा आरशात स्वतःचा हात उचलून तपासा.