सोमवारी लॅपटॉप देऊ नका, ताई. आधी हे वाचा

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोप लागेना. चार वर्षांचा लॅपटॉप, त्यात मुलाचा प्रोजेक्ट आणि शाळेची निकालपत्रकं; अर्ध्या तासाने पडद्यावरचा बाण जागीच थिजतो, टचपॅड दाबलं जात नाही, मागे लावलेलं भजन मात्र चालूच राहतं, बॅटरी ४० टक्के दाखवते आणि पुढच्या क्षणी सगळं बंद. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) गेला, नाहीतर फॉरमॅट मारू, म्हणजे सगळं पुसून नव्याने टाकू, सोमवारी आणून द्या. दोन वर्षांपूर्वी माझ्याबाबतीत हे असंच घडलं होतं. पलूसला बसून तुम्ही जे लिहिलंत ते मी सांगलीत बसून भोगलंय, म्हणून सविस्तर लिहितो. मी इंजिनियर नाही. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानांचे हिशोब बघतो, दिवाणजी म्हणा. त्यामुळे सांगतोय ते अनुभवाचं आहे. तुमचं मशीन वेगळं निघू शकतं.

सगळ्यात मोठी खूण तुमच्याच पोस्टमध्ये आहे, ती म्हणजे भजन चालू राहतं. लॅपटॉप खरोखर हँग होतो तेव्हा आवाजही थांबतो किंवा एकच तुकडा टर्रर्र करत राहतो. गाणं पुढे सरकतंय, कोपऱ्यातलं घड्याळ बदलतंय, म्हणजे मशीन जिवंत आहे, तुमचा हात फक्त त्याच्यापर्यंत पोचत नाहीये. शाळेतल्या कॉम्प्युटरचा साधा वायरचा माऊस आणा आणि बाण थिजला की लावा. माऊसने बाण हलला तर मदरबोर्ड गेल्याची शक्यता फार कमी. कॅप्स लॉक दाबून त्याचा दिवा लागतो का तेही बघा; लागला तर मशीन जागं आहे.

मग लॅपटॉप पूर्ण बंद करा, झाकण मिटा आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवा. चारही कोपरे टेकतात की डगमगतो? टचपॅडवरून नख फिरवा, मधे उंचवटा लागतो का? खालचं झाकण आणि वरचा भाग यांच्या शिवणीत फट पडलीय का? माझ्या लॅपटॉपची फट पोस्टकार्ड सरकेल एवढी होती आणि मी ती रोज बघत होतो. वाटायचं, पडला असेल कधीतरी.

ती फुगलेली बॅटरी असते. आत लिथियमच्या चपट्या पिशव्या असतात. म्हाताऱ्या झाल्या की आतला द्राव विघटित होऊन वायू धरतो आणि पिशवी पुरीसारखी फुगते. बऱ्याच लॅपटॉपांत टचपॅड बरोब्बर तिच्यावर बसवलेलं असतं. लॅपटॉप तापला, चार्जर लागला की दाब वाढतो आणि टचपॅड मुकं होतं; माझं मशीन थंड असताना नीट का चालायचं, याचं मला पटलेलं कारण हे. भरीस भर म्हणजे बॅटरी किंवा चार्जर ओळखीचा वाटला नाही तर बरेच लॅपटॉप प्रोसेसरचा वेग मुद्दाम एकदम खाली आणतात. मग साधी फाईल उघडायला मिनिट लागतं आणि आपण म्हणतो हँग झालाय.

फट किंवा उंचवटा दिसला तर आजपासून चार्जर लावू नका. दाबून सपाट करू नका, सुई-स्क्रूड्रायव्हर जवळ नेऊ नका, गादीवर ठेवू नका. फुगलेली बॅटरी फाटली तर पेटू शकते, यात अतिशयोक्ती नाही. घरात मुलं आहेत म्हणून हे परत लिहितो.

आता माझी चूक सांगतो. तिच्यापायी माझं जे गेलं ते अजून भरून आलेलं नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेने सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फूट ओलांडले तेव्हा मारुती रोडवरच्या माझ्या एका मालकाच्या कपाटातल्या वह्या पाण्यात गेल्या. आठवड्याने कपाट उघडलं तर लगदा. त्या दिवशी ठरवलं, कागदावर भरवसा नाही. पट्ट्या म्हणजे मालाच्या विक्रीचे हिशोब, हमाली-तोलाई, शेतकऱ्यांना हंगामाआधी दिलेली उचल, सगळं लॅपटॉपवर आणलं. पूर आला तर लॅपटॉप उचलून माडीवर नेता येतो, एवढाच विचार केला. लॅपटॉप २०२१ मध्ये नवा घेतला. दुकानातल्या पोराने सगळं चालू करून दिलं आणि मी घरी आलो.

चालू करताना विंडोज मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं. माझा ईमेल मला पाठ नव्हता, म्हणून त्या पोराने त्याच्या मोबाईलवर एक नवं खातं काढलं, त्याच खात्याने लॅपटॉपात शिरला आणि मला चार आकडी पिन दिला. मी त्या पिनवर दोन वर्षं खुशाल काम केलं. आजच्या बहुतेक लॅपटॉपात असं खातं जोडलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर म्हणतात ते हेच. त्याची ४८ आकड्यांची किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. रोजच्या कामात ती कधी मागितली जात नाही, कारण कुलूप उघडण्याचं काम मदरबोर्डवरची एक चिप गुपचूप करत असते. मदरबोर्ड बदलला की ती चिप गेली, आणि मग विंडोज किल्ली मागतं.

मार्चअखेरीला लॅपटॉप असा थिजायला लागला. नव्या हळदीचे सौदे रंगात आलेले, त्यात वर्षअखेर. मी एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलो. नाव लिहीत नाही, विचारूही नका. टोकन, काच, काचेपलीकडे एक मुलगी. लॅपटॉप उघडून न बघता तिने फॉर्मवर 'हँगिंग इश्यू' लिहिलं आणि सही घेतली. त्या फॉर्मच्या तळाला बारीक अक्षरात होतं की डेटाची जबाबदारी आमची नाही. मी वाचलं नाही. लोकांच्या पट्ट्या तपासण्यात आयुष्य गेलं आणि तो कागद मी वाचला नाही. अकरा दिवस फोन करत होतो. दर वेळी वेगळा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं. शेवटी, मदरबोर्ड बदललाय, १४,५०० रुपये. घरी येऊन चालू केला तर निळा पडदा आणि ४८ आकड्यांची मागणी.

परत गेलो. ते म्हणाले, फॉरमॅट करावं लागेल, दुसरा इलाज नाही. दुकानातला तो पोरगा केव्हाच पुण्याला निघून गेलेला. कोणता ईमेल काढला होता ते त्याला आठवेना, तो नंबरही बदललेला. मी विचारलं, जुना बोर्ड तरी द्या. उत्तर मिळालं, तो बदलीत कंपनीला परत गेला. ताई, हे मला नंतर कळलं आणि तेव्हापासून सलतंय: जुना बोर्ड मुळात चांगला होता. तो परत बसवला असता तर त्याच्या चिपने कुलूप उघडलं असतं आणि माझा एक आकडाही गेला नसता. फक्त तो बदलण्याआधी त्यांनी मला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. अशा ठिकाणी कुणाला माणसाच्या कामाची किंमत वाटत नाही, याचा मला आजही राग येतो.

फॉरमॅट झाला. पाचव्या दिवशी बाण पुन्हा थिजला. मग मिरजेत एका छोट्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने माझ्यासमोर खालचं झाकण काढलं आणि न बोलता बोट दाखवलं. बॅटरी उशीसारखी फुगलेली. ३,२०० रुपयांत नवी बसवली, टचपॅड त्याच दिवशी चालू झालं आणि अजून चालतंय.

हिशोब परत उभे करायला तेवीस रात्री लागल्या. जीएसटीच्या पोर्टलवर भरलेली विवरणपत्रं होती, बँकेचे उतारे होते, मालकांकडे पट्ट्यांच्या प्रती होत्या. पण शेतकऱ्यांच्या उचलीची यादी एका एक्सेल फाईलमध्येच होती, ती कुठेच नव्हती. काही शेतकरी स्वतः येऊन म्हणाले, दिवाणजी, माझ्याकडे इतके आहेत, लिहून घ्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. काहींशी मात्र वाद झाले आणि एका मालकाशी माझं बावीस वर्षांचं नातं तुटलं.

म्हणून तुमच्या मुलाच्या प्रोजेक्टचं आणि शाळेच्या निकालपत्रकांचं आधी बघा, मग बॅटरीचं. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स उघडून वर कोणता ईमेल दिसतो ते पाहा. तो तुमचा नसेल किंवा पासवर्ड माहीत नसेल तर ते आधी सोडवा. ईमेल तुमचा असेल तर मोबाईलवरून मायक्रोसॉफ्टच्या खात्यात शिरा, उपकरणांच्या यादीत लॅपटॉप शोधा, तिथे बिटलॉकरच्या किल्ल्या दिसतात. तो ४८ आकडी नंबर वहीत लिहा आणि फोटोही काढा. पण तो नंबर त्याच लॅपटॉपमध्ये ठेवू नका. विंडोज ११ मध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन सेटिंग्जच्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये सापडतं आणि तिथूनच बंदही करता येतं, पण त्याला वेळ लागतो. तुमची बॅटरी मधेच मान टाकते, त्यामुळे ते आत्ता करायला मी सांगणार नाही. किल्ली हातात असली की पुरे.

बॅटरी फुगलेली असेल तर फाईली काढायचा माझा मार्ग असा: दुरुस्तीवाल्याला समोर बसून बॅटरीची जोडणी काढायला सांगा. बरेच लॅपटॉप बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवर चालतात, जरा मंद चालतील. तशाच स्थितीत सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. 'काहीही बदलायच्या आधी मला फोन करायचा आणि काढलेला सुटा भाग मला परत द्यायचा', हे फॉर्मवर त्यांच्याच हस्ताक्षरात लिहून घ्या. लिहून देत नसतील तर उठून या.

ओट्यावर लॅपटॉप सपाट बसला आणि वायरचा माऊसही चालला नाही, तर मात्र माझं निदान चुकलं. टास्क मॅनेजरमध्ये (लॅपटॉपचा कोणता भाग किती राबतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) डिस्क सारखी १०० टक्के दिसत असेल तर डिस्क मरायला टेकलेली असू शकते. अशा वेळी दुरुस्तीची कुठलीही कमांड चालवण्याआधी फाईली उतरवा, कारण तपासणीचा ताणही अशा डिस्कला शेवटचा ठरू शकतो. पंखा ओरडत असेल आणि खालून चटका बसत असेल तर धूळ काढून प्रोसेसरवरची, उष्णता बाहेर नेणारी पेस्ट बदलून घ्या. फॉरमॅट हा माझ्या मते शेवटचा उपाय आहे. दुकानदार तो पहिला सांगतात कारण त्यात त्यांना विचार करावा लागत नाही.

बॅटरी किती थकलीय हे विंडोज स्वतः सांगतं. कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला जोडून बॅटरीरिपोर्ट, असं इंग्रजीत टाइप करा: powercfg /batteryreport. अहवालाची फाईल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही तिथेच दिसतं. त्यात मूळ क्षमता आणि आता पूर्ण भरल्यावरची क्षमता असे दोन आकडे असतात. माझे ४२,००० आणि १९,००० होते, म्हणजे निम्म्याहून कमी. साठ टक्क्यांच्या खाली आली की मी बदलतो. हा माझा नियम आहे, कंपनीचा नाही.

माझी बॅटरी का मेली तेही सांगतो. लॅपटॉप पत्र्याच्या माडीवर, एप्रिलच्या उकाड्यात, सकाळी नऊपासून रात्री दहापर्यंत चार्जरला जोडलेला आणि सतत १०० टक्के. लिथियमच्या बॅटरीला पूर्ण भरलेलं असणं आणि उष्णता या दोन गोष्टी एकत्र सोसत नाहीत. 'महिन्यातून एकदा पूर्ण उतरवा', 'पहिल्यांदा आठ तास चार्ज करा' हे जुन्या निकेलच्या बॅटऱ्यांसाठी होतं. वडीलधारे सांगतात, पण आता लागू नाही. बहुतेक कंपन्यांच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये किंवा बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते. टेबलावर बसूनच काम असेल तर ती चालू करा. मे महिन्याच्या सुट्टीत लॅपटॉप पेटीत ठेवाल तेव्हा निम्मा भरून, पूर्ण बंद करून ठेवा. शून्यावर ठेवलात तर जूनमध्ये उठणारही नाही कदाचित.

नवी बॅटरी घेताना जुनीवर छापलेला पार्ट नंबर जुळवा. निम्म्या किमतीची मिळते, पण माझ्या ओळखीतल्या दोघांच्या तशा बॅटऱ्या वर्षभरात बसल्या. जुनी घंटागाडीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलीय. नवी घेता तिथेच जुनी द्या.

आणखी एक, तुमचं घर जुनं असेल तर. सांगलीच्या गावभागातल्या एका वाड्यात माझ्या मेव्हण्याचा बाण चार्जर लावला की थरथरायचा आणि पत्र्याच्या बॉडीला हात लावला की मुंग्या यायच्या. तिथे अर्थिंगच नव्हतं, तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या जोडावर लावलेला. वायरमनकडून अर्थिंग करून घेतल्यावर थांबलं. तुमच्याकडे भजनाचं लक्षण असल्यामुळे मला हे कमी वाटतं, पण भिंतीवरचा स्विचबोर्ड बघून घ्या.

आज ओट्यावर ठेवून डगमगतो का तेवढं आधी कळवा, आणि शिवणीचा फोटो टाका. तोवर चार्जर काढून ठेवा.