घरपट्टीचा दर सगळ्यांना सारखा, मग अमेरिकेत त्यातून विषमता कशी काय वाढते?

तुम्ही विचारलंय की एका गावात सगळ्यांना एकच दर लागतो तर गरिबाला जास्त घरपट्टी कशी बसेल. दर एकच असतो हे बरोबर आहे, पण तो लागतो घराच्या किमतीवर आणि ती किंमत कुणीतरी अंदाजाने ठरवलेली असते. घर काही दरवर्षी विकलं जात नाही ना. तिथे असेसर नावाचा सरकारी माणूस असतो, तो सांगेल ती किंमत.

मी पुण्यात अर्थशास्त्र शिकवते आणि या विषयावर कार्लोस अ‍ॅव्हेनान्सियो-लिऑन आणि ट्रूप हॉवर्ड या दोघांचा 2022 मध्ये छापून आलेला पेपर वर्गात आवर्जून घेते, कारण कामच तसं आहे. अमेरिकेतली 11.8 कोटी घरं आणि कर लावणाऱ्या 75,000 संस्थांच्या हद्दी त्यांनी जुळवल्या. मग एकाच हद्दीतली, एकाच दराची, म्हणजे शाळा रस्ते पोलीस सगळं तेच मिळणारी घरं घेतली, आणि तरी कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (मूळची स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतली) कुटुंबांवर घरपट्टीचा बोजा 10 ते 13 टक्के जास्त निघाला. 10 टक्के ऐकायला थोडं वाटतं पण हे दरवर्षी, आणि घर आहे तोपर्यंत.

आता हे होतं कसं ते बघा. मुलांना मी फळ्यावर दोन घरं काढून दाखवते. समजा दोन्ही सारखीच, तेवढाच एरिया, तेवढ्याच खोल्या, फक्त एक चांगल्या वस्तीत 4 लाख डॉलरला विकलं जाईल आणि दुसरं दुर्लक्षित वस्तीत, जिथे कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक कुटुंबं जास्त असतात, 2 लाखाला. असेसरचा हिशोब खोल्या, एरिया, बांधकामाचं वर्ष यावर जास्त चालतो, आजूबाजूला काय आहे ते बाजारभावाला जितकं कळतं तितकं त्याच्या हिशोबाला कळत नाही. मग तो पहिल्याला धरतो 3.4 लाख आणि दुसऱ्याला 2.6. दर दोघांना 2 टक्के. पहिला भरतो 6,800, म्हणजे खऱ्या किमतीच्या 1.7 टक्के, आणि दुसरा 5,200, म्हणजे 2.6 टक्के. कुणी मुद्दाम काही केलं नाही तरी हे होतं, आणि मला स्वतःला हीच गोष्ट सगळ्यात जास्त टोचते. एकूण फरकातला अर्ध्याहून थोडा जास्त हिस्सा असा वस्तीवस्तीतला आहे.

उरलेला फरक एकाच वस्तीतल्या शेजाऱ्याशेजाऱ्यांत आहे, त्याचं एक कारण अपील, म्हणजे असेसरने धरलेली किंमत कमी करा असा अर्ज. शिकागो ज्यात येतं त्या कुक काउंटीच्या आकड्यांत दिसतं की कृष्णवर्णीय घरमालक अपील कमी करतात, केलं तरी जिंकतात कमी, आणि जिंकले तरी सूट कमी मिळते.

उपाय पण त्यांनी दिलाय आणि तो अगदी करण्यासारखा आहे, छोट्या छोट्या परिसरांचे घरांच्या किमतींचे निर्देशांक काढा आणि मूल्यांकन त्यावरून करा. त्यांच्या हिशोबाने ही विषमता 55 ते 70 टक्के कमी होते. त्यासाठी दर बदलायची गरज नाही.

आपल्याकडे कृष्णवर्णीय-गोरे हा भाग लागू नाही, पण फुटांवर कर ठरवायची चूक मात्र ओळखीची आहे. मुंबईत घरपट्टीसाठी भांडवली मूल्य, म्हणजे घराची किंमत, रेडी रेकनरवरून (सरकारने ठरवलेल्या परिसरवार दरांवरून) काढतात, म्हणजे परिसराचा भाव धरला जातो, आणि ते मला पटतं. पण 2022 मध्ये माफी दिली ती 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना. आता श्रीमंत मलबार हिलचा 490 फुटांचा फ्लॅट त्यात बसतो आणि गरीब मानखुर्दचा 520 फुटांचा बसत नाही.