सोपं लिहिलं तर मला कमी येतं असं वाटेल का?

"मॅडम, सोपं लिहिलं तर डॉक्टर म्हणतील, हिला काही येत नाही."

समाजकार्याची पदवी घेऊन मानसोपचार विभागात नुकतीच लागलेली एक मुलगी माझ्याकडे आली, तेव्हाचं हे तिचं पहिलं वाक्य. नर्स आणि नवे समुपदेशकही हेच विचारतात, म्हणून हा अनुभव लिहिते आहे. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

एका मावशींच्या मुलाला नैराश्यावरच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. "फरकच पडंना" म्हणून मावशींनी पाचव्या दिवशी त्या बंद केल्या. पुढच्या खेपेला पिशवी उघडली, तर दहाच्या पाकिटातल्या पाच गोळ्या तशाच. खाली हिने लिहिलेलं माहितीपत्रक, चार घड्या घातलेलं. मावशी सातवी शिकलेल्या, वर्तमानपत्र वाचणाऱ्या. पत्रकात होतं: "सदर औषधोपचार वैद्यकीय सल्ल्याविना खंडित करण्यात येऊ नये. आत्मघाती विचारप्रवृत्तीचे निरीक्षण करण्यात यावे."

निरीक्षण कुणी करायचं, आईने की नर्सने? आणि तसं काही दिसलं तर पुढे काय? मावशींना ज्याची गरज होती नेमकं तेच त्यात नव्हतं.

हे सांगताना ती मुलगी रडत होती. मावशींचा मुलगा सुखरूप होता, तरी तिला रात्री झोप लागत नव्हती. बोलता बोलता कॉलेजचं पहिलं वर्ष निघालं. वर्गात उभं राहून बोलताना गावाकडचा एक शब्द तोंडून गेला आणि सगळे हसले. त्या रात्रीपासून तिने जड शब्द वहीत उतरवून पाठ करायला घेतले. त्या दिवशी आम्ही पत्रकाला हातही लावला नाही.

पुढच्या वेळी मी म्हटलं, "समोर मावशी बसल्यात असं समज. सांग त्यांना." ती न थांबता बोलत गेली आणि मी उतरवून घेतलं: "मावशी, ही गोळी लगेच काम करत नाही. २ ते ४ आठवडे जातात. बरं वाटलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. 'जगणं नको' असं तो बोलला, तर त्याला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी घेऊन या. रात्र असेल तर १४४१६ ला फोन लावा, पैसे पडत नाहीत."

कागद तिच्यापुढे ठेवला. ती बराच वेळ बघत राहिली. टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, हा नंबर जुन्या पत्रकात नव्हताच, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

मग तिने स्वतःहून नोंदवही काढली. तिथे "पालक असहकार्य करतात" असं लिहिलेलं. मी विचारलं, नेमकं काय झालं होतं? तर गोळीने दिवसभर झोप येते म्हणून बाप दुपारची गोळी देत नव्हता. मग तेच लिहायचं. डॉक्टर वेळ तरी बदलतील, "असहकार्य" वाचून ते काय करणार? शिवाय मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २५ नुसार रुग्णाला स्वतःच्या नोंदी बघण्याचा हक्क आहे. आपण लिहिलेलं उद्या तो वाचू शकतो. मात्र औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम जसेच्या तसे हवेत, तिथे सोपेपणा नको.

नवं पत्रक छापायच्या आधी तिने ते मावशींनाच वाचून दाखवलं. एका शब्दापाशी मावशींनी हात वर केला.

"दुष्परिणाम म्हंजी?"

"मळमळ होते, तोंड कोरडं पडतं, तसं."

"मग तसंच लिव की बाय."

तिने पेन काढलं.