भाच्याला मुलगा आवडतो; हे वयाबरोबर जाईल का?

आपला पंधरा वर्षांचा भाचा वर्गातला एक मुलगा आवडतो असे आपल्याजवळ बोलला, घरी कळल्यावर त्याला मांत्रिकाकडे न्यायचे ठरत आहे, आणि हे वयाबरोबर जाईल का, तो पुढे बाईसारखा होईल का, असे आपण विचारले आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मी बावीस वर्षे शिकवतो आहे. जाईल की राहील, हे आज कोणीच सांगू शकत नाही. काहींचे आकर्षण या वयात बदलते, अनेकांचे तेच कायम राहते, पण मारून, धाक घालून किंवा अंगारे-धुपारे करून ते बदलता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, आणि ती ‘बरी’ करण्याचा उपचार करणे हे डॉक्टरांसाठी गैरवर्तन आहे, असे आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. जे डॉक्टरने करायचे नाही, ते मांत्रिकाच्या हाती मुळीच देऊ नये.

कोण आवडते आणि आपण स्वतःला मुलगा समजतो की मुलगी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पटावर मुलगी म्हणून नोंद असलेले एक लेकरू माझ्या वर्गात होते. कापूस वेचणीला आपल्याकडच्या बाया लुगड्यावर घरधन्याचा लांब बाह्यांचा सदरा चढवतात, तसा बापाचा सदरा त्यालाही मिळायचा आणि त्या दिवसांत कोणी टोकत नसे. दहावीनंतर ते मला म्हणाले, “सर, कापूस संपूच नये असं वाटायचं.” त्या बोलण्यात कोणावरच्या प्रेमाचा विषयही नव्हता. आपल्या भाच्याने मात्र स्वतःच्या मुलगा असण्याबद्दल काहीच तक्रार केलेली नाही, तेव्हा ती शंका त्याच्यावर लादू नये.

बहिणीला आणि भाऊजींना आपणच समोर बसवून हे सांगावे. त्याच्या संमतीशिवाय ही गोष्ट सोयऱ्याधायऱ्यांत किंवा शाळेत जाऊ देऊ नये. चिडवणे सुरू झाले की मुले शाळाच सोडतात, हे मी पाहिले आहे. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर समुपदेशकाशी त्याला आणि आपल्यालाही बोलता येईल. तो जेवेनासा झाला किंवा जगण्याचा कंटाळा बोलून दाखवू लागला, तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात न्यावे. घरात फवारणीचे औषध असेल, तर ते मात्र आजच कुलपात ठेवावे.