शंका-समाधान : दंड भरता येतो, कैदेचं काय?

प्रश्न : मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचं घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. यंदा गुड फ्रायडेच्या उपासनेत पाळकसाहेब म्हणाले, 'तुमच्या पापांची शिक्षा देवाने ख्रिस्ताला दिली आणि तुम्ही निर्दोष सुटलात.' निर्दोषाला शिक्षा आणि गुन्हेगार मोकळा, याला वर्गात आम्ही अन्याय म्हणतो. त्यातून आमचे चुलते! वडिलांच्या वाट्याची जमीन दाबून बसलेत आणि प्रार्थनासभेत साक्ष देतात की 'माझं पाप वधस्तंभावर फिटलं.' घरी विचारलं की 'शंका घेऊ नये' एवढंच ऐकायला मिळतं.
— एक वाचक, संगमनेर

उत्तर : शंका जरूर घ्या. शास्त्राने, म्हणजे बायबलनेच, ती तुमच्या आधी घेतली आहे. यहेज्केलाच्या १८व्या अध्यायात स्वच्छ लिहिलंय की जो पाप करील तोच मरेल, बापाच्या अधर्माचा भार मुलावर नाही आणि मुलाचा बापावर नाही. नीतिसूत्रे १७:१५ त्याहून कडक आहे. दुष्टाला सोडणारा आणि नीतिमानाला दोषी ठरवणारा, दोघांचाही परमेश्वराला तिटकारा. पाळकसाहेबांचं वाक्य या वचनांशेजारी ठेवलं की तुमची अडचण कुणालाही कळावी.

माझी नोकरी फौजदारी कोर्टात गेली, शेवटची वर्षं नाझर म्हणून, म्हणजे कोर्टाची रोकड सांभाळणारा. जुगारात पकडलेल्या पोराला साहेब सुनवायचे : ३०० रुपये दंड, न भरल्यास पाच दिवस साधी कैद. पोराच्या खिशात दमडी नसायची. मग मागून आई पुढे यायची, लुगड्याच्या गाठीतल्या नोटा सोडून टेबलावर ठेवायची. मी पावती फाडायचो ती पोराच्या नावाने. पैसे कुणाचे हे मी विचारलं नाही, साहेबांनी नाही आणि सरकारी वकिलांनीही नाही. पण तीच आई म्हणाली असती, 'पाच दिवस मी आत बसते, त्याला सोडा,' तर तिला हाताला धरून बाहेर नेलं असतं. आणि पोराचं नाव सांगून दुसराच कुणी आत जाऊन बसला, तर तोतयेगिरीचा वेगळा खटला!

या फटीवर ख्रिस्ती विद्वानांचं भांडण चारशे वर्षं जुनं आहे. फाउस्तो सोझ्झिनी नावाच्या इटालियनाने १५७८ मध्ये मांडलं की कर्ज दुसऱ्याला फेडता येतं, शिक्षा दुसऱ्याला भोगता येत नाही. कारण पैसा हातोहात फिरतो, दोष ज्याचा त्याच्याकडेच राहतो. त्याला १६१७ मध्ये उत्तर दिलं ह्यूगो ग्रोशियसने, आणि तो नावाजलेला डच कायदेपंडित. त्याचं म्हणणं, देव इथे सावकार नाही, राज्यकर्ता आहे. कायद्याचा धाक राहावा म्हणून शिक्षा कुठेतरी दिसायला हवी. माफ करा, पण मला हे पटत नाही. धाक बसवायला निर्दोषाला धरणं ही तर ठाणेदारी झाली. अमेरिकन तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस स्वतः देव मानणारा नव्हता. त्याने १९९७ मध्ये वेगळाच चिमटा काढला : दंड मित्राने भरलेला चालतो, कैद चालत नाही, म्हणजे या बाबतीत आपण सगळेच दुटप्पी आहोत, एकट्या ख्रिस्ती माणसाला हसू नका. माझ्या खिडकीतून मी रोज तेच पाहत होतो.

म्हणून संडे स्कूलमधली ती लाडकी गोष्ट सांगायचं थांबवा, ज्यात न्यायाधीश मित्राला दंड ठोठावतो आणि झगा उतरवून स्वतःच भरतो. एक तर मित्राचा खटला त्याने चालवायलाच घ्यायला नको होता. दुसरं म्हणजे ती गोष्ट दंडाची आहे म्हणूनच गोड लागते. मित्राने खून केलाय असं धरा आणि पुढे सांगून बघा.

मग वधस्तंभाचं काय? मला पटतं ते असं. शिक्षा एकाकडून काढून दुसऱ्यावर टाकणं, एवढाच अर्थ घेतला तर तो न्याय नाही, आणि हे मान्य करायला आपण कचरू नये. पण ख्रिस्त हा वाटेवरून धरून आणलेला तिसरा इसम नाही. प्रेषित पौल म्हणतो, देवच ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. योहान १०:१८ मध्ये येशू सांगतो की माझा प्राण कुणी हिरावून घेत नाही, मी होऊन देतो. तडजोडपात्र गुन्हे तुम्ही शिकला असाल. तिथे मिटवायचा अधिकार ज्याला झळ बसली त्याचा, आणि मिटवतो तेव्हा नुकसान त्याच्याच अंगावर राहतं. बापाने चिडून मुलाला बडवलं, हे चित्र डोक्यातून काढा. ज्याच्याविरुद्ध गुन्हा झाला त्यानेच तोटा सोसला, असं वाचा. एवढ्याने सगळा हिशेब लागतो असं नाही. यशयाच्या ५३व्या अध्यायात शिक्षेची भाषा आहे, आणि ती मला अजून टोचते.

आता चुलते. त्यांच्या प्रकरणात झळ दोघांना बसली आहे, देवाला आणि तुमच्या वडिलांना. देव आपल्या बाजूने माफ करील, वडिलांच्या वतीने सही करणार नाही. बायबलमधल्या जक्कया नावाच्या जकातदाराने येशूला घरी जेवू घातलं आणि तिथेच उभं राहून म्हणाला, कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत देतो. तारण आज या घरात आलंय, हे येशू त्याच्यानंतर बोलला. पुढच्या सभेत काकांना लूक १९ वाचायला सांगा. आणि सातबारा, फेरफारांच्या नकला आत्ताच काढून ठेवा. वाटपाचा दावा लावण्यात अख्रिस्ती असं काही नाही.

प्रश्न : आम्ही वसईचे कॅथलिक. आमच्याकडेही हेच शिकवतात का?

उत्तर : अगदी हेच नाही. कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने १०९८ च्या सुमारास मांडलं ते असं, की एकतर भरपाई, नाहीतर शिक्षा. ख्रिस्ताने भरपाई केली, म्हणून शिक्षेची वेळच आली नाही. तुमची परंपरा प्रामुख्याने या भरपाईच्या वाटेने गेली. ख्रिस्ताला आपल्या जागी आरोपी म्हणून उभं करायची मांडणी ठसठशीत झाली ती सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट सुधारणावाद्यांच्या हातून, विशेषतः जॉन कॅल्विनच्या. तो ऑर्लेआं आणि बूर्जला कायदा शिकलेला होता, आणि ते जाणवतं.