नाव बरोबर, तरी फाइल सापडेना

प्रश्न : नोटपॅडमध्ये जावाचा प्रोग्रॅम लिहून 'मेन डॉट जावा' या नावाने सेव्ह केला. फोल्डरमध्ये नाव तसंच दिसतं, पण कोड तपासून चालवण्याजोगा करणारी 'जावासी' कमांड दिली की 'फाइल नॉट फाउंड' येतं. मी त्याच फोल्डरमध्ये आहे, हे दोनदा तपासलं.

उत्तर : फाइलचं खरं नाव बहुधा 'मेन डॉट जावा डॉट टीएक्सटी' झालंय. ओळखीची एक्स्टेन्शन (नावातल्या शेवटच्या डॉटपुढची अक्षरं) लपवायची, ही विंडोजची मूळ सेटिंग. म्हणून शेपूट दिसत नाही. कमांड प्रॉम्प्टवर 'डीआयआर' चालवा, पूर्ण नाव समोर येईल.

आधी ही लपवाछपवी बंद करा. विंडोज 11 मध्ये फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'शो', तिथे 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक करा. विंडोज 10 मध्ये हा चौकोन 'व्ह्यू' टॅबवरच आहे. मग फाइल निवडून एफ2 दाबा आणि शेवटचं डॉट टीएक्सटी खोडा. फाइल निकामी होऊ शकते असा इशारा येतो. खुशाल 'येस' म्हणा, आतला मजकूर जसाच्या तसा राहतो.

पुढच्या वेळी सेव्ह करतानाच 'सेव्ह अ‍ॅज टाइप'मध्ये 'ऑल फाइल्स' निवडा, किंवा एक्स्टेन्शनसकट नाव दुहेरी अवतरणचिन्हांत टाइप करा. एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-8 ठेवा. जावात आणखी एक मेख आहे : पब्लिक क्लासचं आणि फाइलचं नाव एकच लागतं, कॅपिटल-स्मॉल अक्षरांसकट.

प्रश्न : सीचा प्रोग्रॅम वर्डमध्ये लिहिला आणि फाइलचं एक्स्टेन्शन बदलून डॉट सी केलं. जीसीसी हा सीचा कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) एररचा पाऊस पाडतो.

उत्तर : पाडणारच. वर्डची डॉकएक्स फाइल म्हणजे मुळात झिप असते. नाव बदलून ती साधा मजकूर होत नाही. कोड कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा, पण तेवढ्यावर थांबू नका. वर्डने सरळ अवतरणचिन्हं वाकडी केलेली असतात आणि कंपायलर त्यांवर 'स्ट्रे' (भरकटलेलं चिन्ह) अशी एरर देतो. प्रिंटएफच्या (मजकूर छापणाऱ्या) ओळींतलं प्रत्येक अवतरणचिन्ह खोडून कीबोर्डवरून पुन्हा टाका. डॉट सी हे अक्षर स्मॉलच हवं. कॅपिटल सी दिसलं की जीसीसी फाइलला सी प्लस प्लस समजू शकतो. मॅकवर टेक्स्टएडिट वापरत असाल, तर 'फॉरमॅट'मधून आधी 'मेक प्लेन टेक्स्ट' करा.

प्रश्न : माझा पायथनचा प्रोग्रॅम डॉट टीएक्सटी फाइलमधूनही चालतो. मग डॉट पीवाय कशाला?

उत्तर : 'पायथन' लिहून पुढे फाइलचं नाव दिलं, की इंटरप्रिटर (कोड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) एक्स्टेन्शन बघत नाही. पण तीच फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये इम्पोर्ट करायला (वापरासाठी आत घ्यायला) गेलात, की 'मॉड्यूल नॉट फाउंड' ठरलेलं. इम्पोर्टला डॉट पीवायच लागतं. फक्त फाइलला 'रँडम' किंवा 'टर्टल' असं पायथनच्याच मॉड्यूलचं (तयार कोडच्या फाइलचं) नाव देऊ नका. 'इम्पोर्ट रँडम' लिहिलंत, तर पायथन स्वतःचं मॉड्यूल सोडून तुमचीच फाइल उचलतो आणि 'रँडइंट' (रँडम पूर्णांक देणारं फंक्शन) नावाचं काही त्यात नाही, अशी तक्रार करतो.