पंपावरची मायक्रोपोर पट्टी

प्रश्न : मी १६ वर्षं आयसीयूत स्टाफ नर्स आहे, वय ३९. गेल्या महिन्यात नाइटला माझ्या हाताखालच्या मुलीने, ठरावीक वेगाने औषध सोडणाऱ्या सिरिंज पंपावर ५.० रेट टाकला. पॉइंटचं बटण लागलंच नाही आणि पंप ५० वर सुरू झाला. मॉनिटर बघून लगेच लक्षात आलं, पेशंटला काही झालं नाही, पण मुलीला मेमो मिळाला. ते बटण तसंच आहे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मी तर प्रत्येक पंपावर मायक्रोपोरची चिकटपट्टी लावून ‘पॉइंट जोरात दाबा, स्क्रीन बघा, मग स्टार्ट’ असं पेनाने लिहून ठेवलंय. आयटीतला भाचा म्हणतो, “मावशी, तू करतेस त्याला ह्यूमन फॅक्टर्स म्हणतात, त्यात करिअर असतं.” खरंच असतं का? मी इंजिनिअर नाही, कोडिंग येत नाही, इंग्रजी कामापुरतं. या वयात जमेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सिस्टर, वॉर्डात सगळे तुम्हाला याच नावाने हाक मारत असतील, म्हणून मीही तेच म्हणते. तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या मायक्रोपोरपाशी थांबले. मी २२ वर्षं वैद्यकीय उपकरणांच्या ह्यूमन फॅक्टर्समध्ये, म्हणजे वापरताना माणूस कुठे चुकतो ते पाहून उपकरणच सुधारण्याचं, काम करते आहे. नव्या वॉर्डात पाय ठेवला की मी आधी मशीनवर चिकटवलेल्या पट्ट्या शोधते. पट्टी दिसली की समजावं, इथे कुणाचा तरी हात चुकला होता आणि पुढच्याचा चुकू नये म्हणून कुणी तरी ड्यूटीतून वेळ काढला. तुमचा भाचा बरोबर सांगतोय.

इंजिनिअरिंगची भीती आधी काढून टाका. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बर विमानं सुखरूप जमिनीवर उतरायची आणि मग वैमानिक फ्लॅप्सऐवजी (पंखांच्या मागच्या हलत्या झडपा) चाकंच वर घ्यायचे. विमान पोटावर बसायचं. नोंद व्हायची ‘वैमानिकाची चूक’ अशी. आल्फोन्स चापानिस यांनी पाहिलं, तर दोन्हींचे स्विच जवळजवळ आणि हुबेहूब सारखे. थकलेल्या माणसाचा हात चुकणारच. त्यांनी चाकांच्या स्विचला छोटं रबरी चाक बसवलं आणि फ्लॅप्सच्या स्विचला पाचरीसारखा आकार दिला, म्हणजे न बघताही हाताला फरक कळावा. आजही प्रवासी विमानात चाकांच्या लिव्हरची मूठ चाकासारखी असते. चापानिस मानसशास्त्रज्ञ होते. मीही मानसशास्त्राचीच. माझ्या टीममध्ये एक फिजिओथेरपिस्ट आहे, दोघी डिझाइन शिकलेल्या आहेत, इंजिनिअर आहेत आणि तुमच्यासारखी एक माजी आयसीयू नर्सही आहे.

तुमच्या पंपाचं दुखणं जगभरचं आहे. २००५ ते २००९ या काळात अमेरिकेच्या एफडीएकडे, म्हणजे तिथल्या औषध आणि उपकरण नियामकाकडे, इन्फ्युजन पंपांच्या (सिरिंज पंप त्यातलाच) सुमारे ५६,००० घटना नोंदवल्या गेल्या आणि ८७ वेळा रिकॉल झाले, म्हणजे सदोष पंप कंपन्यांना परत घ्यावे किंवा दुरुस्त करावे लागले. एकदा दाबलेलं बटण दोनदा लागणं हाही त्यातला एक दोष होता. २०१० मध्ये एफडीएने पंप सुधारण्यासाठी वेगळा उपक्रमच हाती घेतला. आता वैद्यकीय उपकरणांसाठी आयईसी ६२३६६-१ हे मानक आहे. वापरताना माणूस कुठे चुकू शकतो, त्या चुकीने कुणाला काय इजा होईल आणि ती टाळायला उपकरणात काय बदललं, हे सगळं कंपनीला लिहून दाखवावं लागतं. आपल्याकडच्या ज्या कंपन्यांना परदेशात माल विकायचा असतो, त्यांना यासाठी माणसं लागतात.

आता प्रत्यक्ष काम. आम्ही एका खोलीत खोटा आयसीयू उभा करतो : बेड, पुतळा, पंप, वाजणारे अलार्म. नर्सेसना बोलावतो, औषधाची ऑर्डर हातात देतो आणि गप्प बसून पाहतो. एफडीएला दाखवायच्या अंतिम चाचणीत प्रत्येक प्रकारच्या वापरकर्त्यांपैकी किमान १५ जण लागतात. त्याआधी पाच-सात जणांच्या छोट्या फेऱ्या होतात. खरं शिकायला मिळतं ते तिथे.

यात गप्प बसणं सगळ्यात अवघड. माझ्या पहिल्याच चाचणीत एक नर्स सिरिंज बसवून थांबली. तिचं बोट मेनूवर गेलं, मागे आलं, स्टार्टवर गेलं, पुन्हा हवेत थांबलं. मला राहवलं नाही, मी म्हटलं, “खालचं दाबा.” तिने दाबलं, पंप सुरू झाला आणि ते सत्र आम्हाला बाद करावं लागलं. हवेत थांबलेलं ते बोट पाहायलाच आम्ही तिथे जमलो होतो. मी बोलले आणि ते कायमचं हातचं गेलं. तुम्हाला हे माझ्यापेक्षा जड जाईल. १६ वर्षं कुणी अडलं की तुमचा हात आपोआप पुढे गेलाय. तो आवरायला शिकावं लागेल.

भाचा ज्या यूएक्स रिसर्चबद्दल बोलत असेल ते बहुधा ॲप आणि वेबसाइटचं काम. नोकऱ्या तिकडे जास्त आहेत, पण स्पर्धाही तशीच, आणि तिथे तुमच्या आयसीयूचं मोल कुणाला कळणार नाही. तुम्ही उपकरणांकडेच या.

इंग्रजीचं म्हणाल, तर रिपोर्ट इंग्रजीतच लिहावे लागतात; ते सवयीने येतं. ऐकायचं मात्र मराठीत असतं. एकदा साताऱ्याजवळ एका आजींच्या घरी इन्सुलिन पेन कसं वापरतात ते पाहत होते. बटण पूर्ण दाबलं की त्या लगेच सुई बाहेर काढायच्या आणि औषधाचा थेंब पोटावर ओघळायचा. आधी विचारलं तेव्हा त्यांनी “काही अडचण नाही” असंच सांगितलं होतं. थेंबाकडे बोट दाखवलं तर म्हणाल्या, “अगं, शून्य आलं की! संपलं औषध.” पेनच्या खिडकीत शून्य आलं तरी सुई काही सेकंद आतच ठेवायची असते, पण खिडकी तर त्यांना काम झालं असंच सांगत होती. हे कुठल्याही प्रश्नावलीत आलं नसतं. आजींनी मला ‘अगं’ म्हटलं, तेव्हाच ते बाहेर आलं.

शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईचं आयडीसी हे डिझाइनचं केंद्र आहे, १९६९ मध्ये सुरू झालेलं, आणि अहमदाबादची एनआयडी ही डिझाइन संस्था. आयडीसीच्या एम.डिझ. या डिझाइनच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी सीईईडी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिला वयाची अट नाही आणि नर्सिंगची पदवी चालते. पण घर, मुलं, कर्ज यांचा हिशेब तुम्ही मांडलेला नाही, म्हणून स्पष्ट सांगते : आज राजीनामा देऊ नका. नोकरी कायमची असेल तर मुळीच नको, कारण इकडे सुरुवातीचा पगार तुमच्या आताच्या पगाराहून कमीही असू शकतो. पुण्या-मुंबईत पंप, व्हेंटिलेटर, मॉनिटर बनवणाऱ्यांना चाचण्यांसाठी अनुभवी नर्सेस हव्या असतात. सुट्टीच्या दिवशी आधी सहभागी म्हणून जा, दोन-तीनदा जाऊन खोलीत काय चालतं ते बघा, मग निरीक्षक म्हणून काम मागा. माझ्या टीममधली सिस्टर याच वाटेने आली आणि तिने दीड वर्षाने नोकरी सोडली.

तोवर एक वही करा. पट्टी कुठल्या मशीनवर, कुठल्या बटणापाशी, तिच्यावर काय लिहिलंय, ती कुणी लावली आणि त्याआधी काय घडलं होतं. तुमच्या एका आयसीयूतच मला वाटतं २० तरी सापडतील. मुलाखतीला जाल तेव्हा प्रमाणपत्रांच्या आधी ही वही टेबलावर ठेवा. मी तरी ती आधी उघडेन.

आणि त्या मुलीचा मेमो. उत्तर लिहायला तिच्याजवळ बसा. “यापुढे काळजी घेईन” एवढंच लिहून देऊ नका. किती वाजता, कुठला पंप, पॉइंट दाबल्यावर स्क्रीनवर काय दिसलं, त्याच पंपावर पट्टी किती महिन्यांपासून आहे, हे लिहा आणि पट्टीचा फोटो जोडा. शिवाय २०१५ पासून आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या इजांवर नजर ठेवणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे, तो गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालतो. उपकरणामुळे घडलेली किंवा घडता घडता टळलेली घटना तिथे नर्सलाही कळवता येते. हॉस्पिटलची उपकरणं सांभाळणाऱ्या बायोमेडिकलच्या माणसाला सोबत घेऊन तो फॉर्म याच आठवड्यात भरा, पंप दुरुस्तीला जाऊन त्याचं बटण बदलायच्या आत.